फक्त घाट चढताना गाडी गरम होते: हेड उतरवण्याआधी काय तपासायचं?

कुंभार्ली_चढण

गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, २०१४ चं मॉडेल, १,१८,००० किमी. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. त्यामुळे ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावून कूलंटचं तापमान डिग्री सेल्सियसमध्ये बघितलं:

कराड शहरात, एसी बंद: ९२ ते ९८. फॅन ९७ ला लागतो, ९२ ला बंद होतो.
हायवेला ८० च्या वेगाने, एसी चालू: ८८ ते ९०.
पोफळीकडून कुंभार्ली घाट चढताना, चार माणसं, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर: १०९ ते ११२.
तिथेच एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल: दोन-तीन मिनिटांत १०३.
वर सपाटी लागली की थोड्या वेळात ९२.

बाटलीतलं कूलंट महिन्याभरात मधल्या पातळीवरून खालच्या रेघेपर्यंत उतरतं. रंग फिका हिरवा, तळाशी तपकिरी गाळ. पूर्वी त्यात बोअरचं पाणी घातलं गेलं आहे. एका गॅरेजचं म्हणणं, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप) काढून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. दोन्हीकडे काहीही मोजलं नाही. नेमकं काय तपासून घेऊ, आणि कोणत्या क्रमाने?

चौदाचा_पाना

हेडला अजून हात लावू देऊ नका. तुमच्या आकड्यांवरून संशय आधी फॅन, रेडिएटर आणि त्याच्या झाकणावर जातो, आणि ते तिन्ही इंजिन न उघडता तपासता येतात.

घाटातच का तापते ते बघा. पेट्रोल जळून होणाऱ्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. शहरात इंजिन बराच वेळ आयडलवर असतं, मुळात जळतंच थोडं, म्हणून निम्मी चोंदलेली रेडिएटरची जाळीसुद्धा निभावून नेते. हायवेला समोरून वारा भरपूर. घाटात ॲक्सिलरेटर जवळजवळ तळाला, वेग २५-३०, आणि वारा मिळेल तो फॅनचाच. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात बसून स्वतःची उष्णता त्याच्याच तोंडावर सोडतो. एसी बंद करून हीटर लावल्यावर ११२ चे १०३ झाले, कारण एक भार कमी झाला आणि हीटरची छोटी जाळी दुसऱ्या रेडिएटरसारखी कामाला लागली. म्हणजे कूलंट फिरतंय, फक्त उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडतेय.

सुरुवात फॅनपासून करा. ट्रॅफिकमध्ये फॅन लागतो म्हणून तो ठीक आहे असं धरून बरेच जण पुढे जातात. बहुतेक गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. छोटा वेग ९५-९८ च्या आसपास लागतो, मोठा वेग १०० च्या पुढे कधीतरी, आणि त्याचा रिले वेगळा असतो. शहरात तुमची गाडी ९८ च्या वर जातच नाही, म्हणजे मोठा वेग लागायची वेळच आलेली नाही. तो रिले मेलेला असला तरी शहरात कळणार नाही. फ्यूज बॉक्समधला तो रिले उपसा आणि त्याच्या जागेतल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना (काही जपानी रिलेंवर ३ आणि ५) जाड वायरने क्षणभर जोडा. फॅन जोरात घुमला तर मोटर आणि वायरिंग ठीक, मग रिले बदलून बघा. घुमला नाही तर मोटरच्या कनेक्टरवर मीटर लावा. १२ व्होल्ट येऊनही फॅन मंद फिरत असेल तर मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत.

मोटर पूर्वी बदलली असेल तर फिरण्याची दिशाही बघा. वायरी उलट जोडल्या की फॅन वारा पुढे ढकलतो आणि गाडीच्या वेगाशी भांडत बसतो. फॅन चालू असताना पुढच्या ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच फुटलेलं किंवा गायब असेल तर फॅन फक्त समोरच्या गोल भागातून वारा ओढतो, जाळीचे कोपरे कोरडेच राहतात.

मग जाळी बाहेरून. पुढून दिसतो तो कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत चिखल, किडे, सावरीचा कापूस साचून गादी होते आणि ती ना पुढून दिसते ना मागून. एका बाजूने टॉर्चचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने मारा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पातळ पाती आडव्या होतात आणि होता तो वाराही बंद होतो.

आता मुख्य मोजणी. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. इंजिन पूर्ण गरम झालं, फॅन लागला की एसी चालू ठेवून २५०० च्या रेसवर दहा मिनिटं धरा आणि रेडिएटरच्या वरच्या होजचं (गरम कूलंट आत येतं तो) आणि खालच्या होजचं (थंड होऊन जातं तो) तापमान मोजा. धडधाकट गाडीत फरक साधारण ६ ते १२ डिग्री येतो. फरक दोन-तीनच असेल तर कूलंट वेगाने फिरतंय पण वारा उष्णता उचलत नाही, दोष फॅन किंवा बाहेरच्या घाणीचा. फरक २०-२५ च्या वर असेल तर कूलंट अडखळत जातंय: जाळी आतून चोंदली, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, किंवा पंपाचा पंखा झिजलाय. या तिघांतला कोणता, ते जाळीवरच कळतं. पूर्ण पृष्ठभागावर थोडं थोडं सरकत बिंदू-बिंदू मोजत जा. मध्येच एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा १५-२० डिग्रीने थंड लागला तर त्या नळ्यांतून काही वाहतच नाही. सगळी जाळी सारखी कोमट असेल तर थर्मोस्टॅट आणि पंपाकडे वळा.

एक काळजी घ्या. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम इन्फ्रारेडला फसवतं, आकडा खराखुरा असतो त्यापेक्षा बराच कमी दिसतो. रबरी होज आणि काळी प्लास्टिक टाकी यांवर नीट येतो. धातूवर मोजायचं तर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कृपा करून ऐकू नका. आपल्याकडे हा उपाय सर्रास केला जातो आणि त्याने इंजिनांची वाट लागते. हिवाळ्यात सकाळी इंजिन ६०-६५ वरच राहतं, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून वॉर्म-अपच चालू आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचून गाळ होतो. पी०१२८ (कूलंट पुरेसं गरम होत नाही) हा कोडही येतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा, आणि गरम कूलंटचा मोठा वाटा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. अशी गाडी घाटात आणखीच तापते.

तपासायचा तर भांड्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला लागला आणि (८२ चा असेल तर) ९५ पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उचलला तर तो ठीक.

रिड्यूसर_सीएनजी

वरच्या उत्तरात सीएनजीचा भाग राहिला, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तो सोडून चालत नाही.

टाकीतला (सीएनजी सिलिंडरमधला) २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, एकदम काही बारवर येतो आणि प्रसरणामुळे जबरदस्त थंड होतो. तो गोठू नये म्हणून हीटरच्या होजला टी-जॉइंट मारून गरम कूलंट रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. म्हणजे तुमच्या कूलिंग सिस्टीमला दोन टी आणि बऱ्याच जादा क्लिपा आहेत. महिन्याला थोडं थोडं कूलंट कमी होणं मला तिथलंच वाटतं. स्क्रूवाल्या पट्टीच्या क्लिपा गरम-थंड होऊन सैल पडतात. गरम इंजिनावर थेंब पडून लगेच उडून जातो, खाली जमिनीवर काहीच दिसत नाही. गाडी थंड असताना प्रत्येक जोडावर बघा: वाळलेल्या कूलंटची हिरवट-पांढरी खपली धरलेली असेल.

रिड्यूसर स्वतःही एक खूण देतो. इंजिन गरम झाल्यावर त्यावर हात ठेवा. तो गरमच लागला पाहिजे. लोडवर चालवून आल्यावर त्याच्यावर दव किंवा हिम दिसलं, तर त्याच्यापर्यंत कूलंट पोचत नाही. एकतर पातळी कमी, नाहीतर तिथे एअर धरली आहे. रिड्यूसर उंचावर बसवलेला असला तर हवा हमखास तिथे अडकते.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी थोडी लवकर लागते. ती मिळाली नाही किंवा मिश्रण पातळ असलं की जळण उशिरापर्यंत चालतं आणि जादा उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हेडमध्ये जाते. तपासायला सोपं आहे: तोच घाट, तेवढीच माणसं, तोच गिअर, पण फक्त पेट्रोलवर. सीएनजीवर ११२ आणि पेट्रोलवर ९८ आलं तर किटवाल्याकडे जा. दोन्हीकडे सारखंच आलं तर गॅसचा दोष नाही. ओबीडीवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिमही (ईसीयू इंधनात किती टक्के दुरुस्ती करतोय तो आकडा) बघा, दोन्ही इंधनांवर उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत हवा.

फिलर_गेज

हेड गॅस्केटची शंका तपासून मिटवा, अंदाजाने नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली की गॅस्केट गेलं असं लगेच जाहीर केलं जातं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तशी मलई येते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

खात्रीच्या चाचण्या अशा. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून बघा, तो मऊ लागला पाहिजे. आदल्या दिवशी घाट चढून आलेल्या गाडीचा होज सकाळीही फुगून कडक असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. मग थंड इंजिन सुरू करा. कूलंट अजून गार असताना, पहिल्या मिनिटातच होज कडक झाला तरी तेच. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहणं हीसुद्धा खूण आहे, पण आधी एअर पूर्ण काढलेली असली पाहिजे, नाहीतर अडकलेली हवाच बुडबुड्यांनी बाहेर येते आणि उगाच घाबरायला होतं.

ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण तर करूनच घ्या. कूलंटची पातळी तोंडापासून पाचेक सेंटिमीटर खाली आणायची, म्हणजे नळीत कूलंट ओढलं जात नाही, आणि गरम इंजिनावर वरची हवा द्रावणातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. बारीक गळती फक्त दाबाखाली उघडते, म्हणून नुसत्या आयडलवर निळं राहिलं तर समाधान मानू नका. घाट किंवा लांब चढ चढून आल्या आल्या परत घ्या. तेव्हा तोंड उघडण्याआधी इंजिन पुरेसं निवू द्या.

स्पार्क प्लग चारही काढून शेजारी शेजारी ठेवा. एकाच प्लगचं टोक धुतल्यासारखं स्वच्छ आणि बाकीचे तपकिरी असतील तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्यावर शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले आढळले तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली. या सगळ्यात काहीच सापडलं नाही, तर हेड उतरवायला कारण नाही. आणि उतरवावंच लागलं तर हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून खाली फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पात सरकते का ते तुमच्यासमोर बघायला सांगा. बहुतेक छोट्या इंजिनांत मर्यादा त्याच्याच आसपास असते. न मोजता फेस मारायला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवू देऊ नका, आणि ताणून बसवायचे हेड बोल्ट असतील तर नवेच घ्या.

झाकणही टेस्टरवर तपासून घ्या. साध्या पाण्याला मोकळ्या हवेत १०० ला उकळी फुटते, १.१ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर १२१ च्या आसपास. निम्मं कूलंट असेल तर १२५ च्याही पुढे. तुमच्याकडे पाण्याचं प्रमाण वाढलेलं आहे. त्यात झाकण दाब सोडत असेल तर ११२ ला हेडभोवती वाफेचे खिसे होतात, आणि वाफ धातूची उष्णता उचलत नाही. गॅस्केट आज शाबूत असलं तरी अशा दोन-चार चढणींत जाईल.

कुंभार्ली_चढण

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासून घेतलं.

फॅनचे दोन्ही वेग चालतात, कागद ग्रिलला चिकटतो. मधल्या फटीत किरकोळ माती होती, धुतली. थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागला, ९५ ला पूर्ण. ब्लॉक टेस्ट शहरात आणि चढ चढून आल्यावर, दोन्ही वेळा निळीच. होज सकाळी मऊ. फक्त पेट्रोलवर घाटात ११०, म्हणजे गॅसचा फरक नगण्य.

झाकणावर १.१ छापलंय, पण ०.६ बारलाच सोडतंय. रिड्यूसरच्या एका टी-जॉइंटवर हिरवी खपली सापडली. आणि मुख्य म्हणजे २५०० च्या रेसवर वरचा होज ९७, खालचा ६९. जाळीचा खालचा साधारण तिसरा भाग ५० च्या आसपासच, बाकी ८५-९०. रेस वाढवली की खालचा होज थोडा पिचकतो.

रेडिएटर साफ करून घेऊ की बदलू?

चौदाचा_पाना

बदला. २८ डिग्रीचा फरक, थंड पट्टा आणि पिचकणारा होज, तिन्ही एकच सांगतात: नळ्या क्षारांनी आणि गंजाच्या गाळाने बंद आहेत, पंप ओढतोय आणि वरून पुरेसं येत नाही. पंप मेलेला असता तर होज पिचकलाच नसता. तरी खालच्या होजच्या आत स्प्रिंग असायची असेल तर ती जागेवर आहे का बघून घ्या.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून नळ्यांतून सळई घालून साफ करता यायचे. तुमचा ॲल्युमिनियमची जाळी आणि दुमडून बसवलेल्या प्लास्टिक टाक्यांचा आहे. नळ्या चपट्या आणि अरुंद, सळई चालत नाही, आणि ॲसिडने क्षार जातात तसा ॲल्युमिनियमचा पत्राही जातो. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम पृष्ठभागावरच बसतात, त्यामुळे हेडच्या वाटांतही पातळ थर असणार. म्हणून नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिन धुवा, नाहीतर तो गाळ नव्या जाळीत जाऊन बसेल.

इंजिन पूर्ण थंड असताना सगळं खाली करा. थर्मोस्टॅट काढून, दोन्ही होज सुटे ठेवून, थर्मोस्टॅटच्या घरातून साध्या पाइपने कमी दाबाचं पाणी सोडा, खालून स्वच्छ येईपर्यंत. हीटरची आणि रिड्यूसरची वाट वेगळी धुवा. मग थर्मोस्टॅट नव्या सीलसकट बसवा, नवा रेडिएटर, नवं १.१ चं झाकण, दोन्ही मोठे होज, आणि सीएनजीच्या जोडांना स्प्रिंगच्या क्लिपा. पट्टीच्या क्लिपेसारख्या त्या सैल पडत नाहीत, होज आकसला की त्याही आकसतात. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन फॅन लागेपर्यंत चालवा आणि थंड झाल्यावर खाली करा, म्हणजे नळाचं पाणी निघून जाईल.

भरताना एक हिशोब चुकतो. रेडिएटर खाली केला तरी ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर पाणी राहतंच. वरून तयार निम्मं-निम्मं कूलंट ओतलं तर आत प्रमाण ३०-३५ टक्केच होतं. म्हणून घट्ट कूलंट घ्या. पुस्तिकेत एकूण क्षमता ५ लिटर दिली असेल तर आधी २.५ लिटर घट्ट कूलंट घाला आणि वर डिस्टिल्ड पाण्याने पूर्ण करा. कूलंटचा प्रकार पुस्तिकेत लिहिलाय तोच, रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. नुसतं घट्ट कूलंट भरणंही चूक, ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण किती डिग्रीला गोठेल ते दाखवणारं उपकरण) थेंब टाकून बघा, निम्म्या मिश्रणाला उणे ३७ च्या जवळ आकडा येतो.

एअर काढायला गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आयडलवर. एअर स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवा. वरचा होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत जा. पातळी स्थिरावली की झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. हीटरमधून गरम हवा आणि रिड्यूसर हाताला गरम लागला की एअर निघाली.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात सांडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात, आणि थोडंसंही जीवघेणं ठरतं. डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजच्या टाकाऊ ऑइलवाल्याला वेगळं म्हणून द्या.

कुंभार्ली_चढण

कळलं, असंच करून घेतो. तोपर्यंत घाटात जावंच लागलं आणि लाल दिवा लागला तर?

फिलर_गेज

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, आणि वळण सोडून पहिल्या मोकळ्या जागी बाजूला घ्या. हीटरमधून अजून गरम हवा येत असेल आणि फॅन फिरत असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवा, आकडा उतरतो. हीटरची हवा अचानक गार झाली, वाफ दिसली किंवा आकडा चढतच राहिला तर इंजिन लगेच बंद, कारण कूलंट उरलेलं नसू शकतं. बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका, निदान ४५ मिनिटं. वरचा होज दाबून मऊ लागला की जाड फडका टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या हेडवर बाहेरून गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियम तडकतं. आत घालायचं पाणीही इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला.

रेडिएटर बदलल्यावर पहिल्यांदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की सकाळी पातळी परत बघा, एखादा कप तरी घालावं लागेल. मग तोच घाट, एसी चालू, चार माणसं, ओबीडी लावून चढा. १०० च्या आसपास थांबलं पाहिजे. १०५ च्या वर गेलं तर पंप उघडून त्याचा पंखा बघायचा.